मोजदाद

नदीकाठची आमची बाग लहानच.
एक घसरगुंडी, अकरा बाकं,
आणि तारेच्या कुंपणापलीकडे ज्याला आम्ही
प्राणिसंग्रहालय म्हणतो ते:
दोन माकडं, एक मोर (कुणी आणला, कुणालाच आठवत नाही),
दात पडलेली प्यूमा
आणि बारा कार्पिंचो.

कार्पिंचो म्हणजे, कसं सांगू,
उंदरानं डुक्कर व्हायचं मनावर घेतलं
आणि अर्ध्या वाटेत त्याला डुलकी लागली.

मी नगरपालिकेत हिशेबनीस.
दर एक तारखेला वही घेऊन यायचं,
डोकी मोजायची, नेलिदाची सही घ्यायची.
नेलिदाच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात मातेचा भोपळा,
दुसऱ्या हातात मक्याची बादली.
"लिही बारा," ती म्हणते,
मी मोजायच्या आधीच.

ऑक्टोबरात नदी वर आली.
पाहुणी नव्हे, घरमालकीण आल्यासारखी.
आधी होड्यांचा धक्का, मग घसरगुंडीचं टोक,
मग एकेका बाकावर बसून पाहिलं तिनं.
पलीकडचं अर्जेंटिना दिसेनासं झालं.
प्यूमाला विल्मारच्या ट्रकमधून
शाळेच्या व्यायामशाळेत हलवलं,
माकडं नेलिदाच्या न्हाणीघरात,
मोर त्याचा तोच एका छपरावर.
"आणि कार्पिंचो?" मी विचारलं.
तिनं फाटकाची कडी काढली, बस.
"त्यांना पोहायला तू शिकवणार आहेस का?"

पुढचे नऊ दिवस
कुंपण नदीच्या तळाशी उभं होतं,
माशांना आत-बाहेर सोडत.

मग चिखल.
चिखलात कुणाचा तरी फ्रिज, अर्धी खाट,
एक पियानोचं झाकण.
नेलिदानं भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढली,
तिच्या वडिलांच्या रेघेच्या चार बोटं खाली.
प्यूमा व्यायामशाळेतून निघेना.
तिथल्या गादीवर तिला पहिल्यांदाच
नीट झोप लागली होती, म्हणे.

चार वाजता नेलिदानं बादली वाजवली,
रिकाम्या बागेत, रोजच्यासारखी.
मी वही उघडून बसलो.
शून्य कसं लिहायचं, एवढाच प्रश्न होता:
आकड्यात की अक्षरात.

आले.
ओले, गंभीर, एकामागून एक,
पेन्शनच्या रांगेत उभे राहावेत तसे.
मी मोजले. पंधरा.
चष्मा पुसून मोजले. पंधरा.

जास्तीचे तीन कुठले?
कुठल्या बेटावरचे, कुठल्या देशाचे?
त्यांच्याकडे कागद नव्हता आणि घाईही नव्हती.
फाटक सताड उघडं होतं.
पंधरातल्या एकानंही मान वळवून पाहिलं नाही.

मी म्हटलं, नेलिदा, नोंदीला आधार लागतो.
खरेदी, देणगी, नाहीतर जन्म.
'नदी' असा रकाना माझ्या वहीत नाही.
तिनं मातेचा भोपळा पुढे केला.
एक घोट घेतला. कडू,
आणि त्यातही थोडा गाळाचा वास.
"लिही बारा," ती म्हणाली.

मी बारा लिहिले.
अजून लिहितो.
मका पंधरा जणांचा लागतो, बिल तसंच येतं,
आणि वर्षअखेरीला तो फरक
'उंदरांनी खाल्ला' असा शेरा मारून
मी खातं मिटवतो.

तपासायला या कुणीही.
शेरा शब्दशः खरा आहे.