शेवटच्या फेरीबोटीनंतर

कायतानकडे माझे दोनशे दहा रुपये थकले होते,
त्याबदल्यात त्याने वाडगा दिला.
मानशीची फळी बदलताना सापडला, म्हणाला,
खाजनाच्या चिखलात, पालथा,
कुणी मुद्दाम झाकून ठेवावा तसा.
काळा. बिनकानाचा. एका अंगाला चरा,
चऱ्यात पिवळं काहीतरी भरलेलं,
ते सोनं असेल म्हणून त्याने आधी दाताखाली धरून पाहिलं होतं.
मी त्यात सुटे पैसे ठेवू लागले.

आठव्या की नवव्या रात्री
शेवटची बोट नार्व्याहून सुटून दिवाडीला लागली,
तिचे दिवे विझले,
मी स्टोव्ह बंद करून फडकं पिळत होते,
आणि रिकामी किटली बोलू लागली.
उकळी नव्हे. उकळी मला कळते,
तीस वर्षं तिच्याच जिवावर जेवतेय.
हा सुरूच्या बनातला वारा होता,
लहानपणी कळंगुटला, मामाकडे ऐकलेला.
इथे तर नदी, खारफुटी.
सुरूचं नावाला झाड नाही.

माझ्या गाड्याचं दार बुटकं आहे.
सासऱ्याने मुद्दाम तसं केलं की फळ्या कमी पडल्या, ठाऊक नाही.
भाटकार असो की खलाशी, वाकल्याशिवाय आत येणं नाही.
तो तर गुडघ्यांवर आला.
पण आधी बाहेर थांबून,
खलाशी टोप्या अडकवतात त्या खिळ्याला
त्याने आपली सावली अडकवली,
नीट, सुरकुती पडू न देता.

तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी वाफ.
बोटं मात्र होती, दहाच नव्हेत,
बांबू चिरत चिरत गेलं तर शेवटी उरतील तशी,
केसाएवढी, ऐंशी असतील, शंभर असतील,
टोकाशी आत वळलेली.

सासरा घाडी होता माझा.
देवचाराला रोट, विडी, सोरो;
परक्याला आधी विचारायचं,
कुणाचा, कुठला, काय हवं?
विचारलं.
त्याने सुटे पैसे एकेक करून काढले,
फळीवर रचले, रुपयावर रुपया,
आणि वाडगा पुसला,
सुईण मूल पुसते तसा.

मला वाटलं, तहान.
दूध तापवलं, आलं ठेचलं, साखर जास्तच टाकली,
मेल्यांना गोड लागतं म्हणतात.
त्याने कप बाजूला सारला. रागाने नव्हे.
नुसतं पाणी घेतलं,
शेवाळाच्या रंगाची पूड कुठून काढली कोण जाणे,
बोटं बुडवली, फिरवली.
भरतीच्या कडेला धरतो तसा फेस धरला.
मग वाडगा माझ्यापुढे ठेवून
तो वाकला,
कपाळ असतं तर जमिनीला लागलं असतं.

तेव्हा उमगलं, हा पाहुणा नव्हेच.
ज्या जहाजातून आणला त्या लोकांनी भांडी उतरवून घेतली,
करून देणाऱ्याला कोणी विचारलं नाही.
किती शतकं पाणी तापवून बसलाय,
समोर माणूस नाही.

आणि मी?
या धक्क्यावर किती कप भरले त्याचा हिशेब
बोटीच्या तांडेलालाही लागायचा नाही.
तू बस जरा, असं कुणी,
जाऊ दे.

बसले.
चटका बसला म्हणून वाडगा फिरवला,
पुन्हा फिरवला.
त्याची वाफ हलली. हसला असावा.
कडू होतं, कारल्याचं पाणी बरं.
तरी शेवटचा घोट मी आवाज करत ओढला,
आईची खोड.

पहाटे पहिल्या बोटीचा भोंगा झाला, तेव्हा तो नव्हता.
कपातल्या दुधावर साय.
रचलेल्या पैशांत एक रुपया कमी नाही.
रोहिदास खलाशी टोपी अडकवायला गेला, म्हणाला,
"वैनी, हे काळं काय लटकतंय?"

विसरला असेल.
की ठेवून गेला.
मी तिची घडी घातली, साखरेच्या डब्यामागे ठेवली.
हलकी आहे. थोडी दमट.
उन्हात घालावी की नाही,
सासरा असता तर विचारलं असतं.