चामड्याचा अंगरखा

माप घ्यायला आले ते हिवाळ्यात, आर्बोग्याला,
एक कारकून, एक लोहार,
आणि घोंगडीत गुंडाळून आणलेली तांब्याची नळी.
मी म्हटलं, हे काय, कुणाच्या धुराड्याचं?
लोहार म्हणाला, बोतिलबाई, तोफ आहे ही.
मी हसले.
खोगिरं शिवलीत मी, लोहारांचे भाते शिवलेत,
एकदा पाद्रीबुवांच्या सुजल्या पायाला जोडा शिवला.
तोफेला अंगरखा कधी शिवला नव्हता.

तांबं पातळ आहे, तो म्हणाला,
उघडं सोडलं तर पहिल्याच बाराला
वाटाण्याच्या शेंगेसारखं तडकेल.
म्हणून आधी लोखंडी कड्या,
मग सरसात बुडवलेला दोर, वेढ्यावर वेढा,
बाळंतिणीचं पोट बांधतात तसा,
आणि सगळ्यांच्या वर, ओलं असतानाच ताणून,
तुमचं चामडं.

माझं म्हणजे मायरूसचं.
गेल्या पानगळीत गेली ती, म्हातारी झाली होती.
ओकच्या सालीच्या पाण्यात सबंध वर्ष बुडून होती,
आता कुठे कमावून झाली होती.
डाव्या कुशीवर एक व्रण,
कुंपणाच्या खुंटावर ओरबाडलं होतं तिला वासरू असताना;
तोर्केलनं लोणी चोळलं होतं त्यावर, सात वर्षांचा होता.
तो व्रण मी खालच्या अंगाला घेतला,
गाड्यावर टेकतो तिथे. दिसायला नको.

आरीनं भोकं पाडली, मेणाचा दोरा, दुहेरी टाका.
ओलं चामडं ऐकतं.
वाळलं की धरलेलं सोडत नाही.
तिसऱ्या दिवशी तोफ इतकी आवळली गेली
की टिचकी मारली तर ढोलासारखी वाजे.

दोघांनी सहज उचलली.
एक घोडं पुरे, कारकून म्हणाला,
काशाच्या तोफेला आठ लागतात,
वर आठ घोडी हाकणारे बाप्ये.
हिला काय,
एखादं पोरगंसुद्धा नेईल.

तेव्हा त्यानं दाराकडे पाहिलं.
तोर्केल तिथे उभा होता, लगाम हातात घेऊन.

मी पुष्कळदा मांडते हा हिशेब.
तोफ जड असती तर?
दोर अजून दोन वेढे घातला असता,
चामड्याचा दुसरा थर चढवला असता मुद्दाम,
मागितला नसताना,
तर लागले असते का मोठे हात,
राहिला असता का तो?
पण मी चांगलं काम केलं.
हलकं काम, टाका न सुटणारं.

जहाजं समुद्रापलीकडे गेली, प्रशियाच्या चिखलात.
तिथली बातमी एका लंगड्या शिपायानं आणली:
तुमची तोफ भरभर पळते हो,
पण आठ-दहा बार झाले की आतून तापते,
चामडं ऊब सोडत नाही ना.
दारू ओतायच्या आतच पेटते मग.
ओतणाऱ्याच्या...
मग तो बिअरच्या पेल्याकडे बघत बसला.
मीही विचारलं नाही, ओतायला कोण असतं.

दोन हिवाळ्यांनी अंगरखा परत आला.
नुसता अंगरखा.
तांबं वितळवायला गेलं होतं.
कारकून तोच, वही नवी.
तळवे काढा यातून, म्हणाला, बुटांचे.
मी तोर्केलचं नाव घेतलं.
ही चामड्याची वही, तो म्हणाला,
माणसांची दुसरीकडे असते.

पाण्यात टाकलं तर पाणी काळं झालं,
सालीचं नव्हे, दारूचं काळं.
माझा टाका एकही उसवला नव्हता.
अंगठ्यानं चाचपत गेले,
करपलेलं, कडक, करपलेलं,
आणि खालच्या बाजूला
तो व्रण, मऊच होता अजून.

सहा जोड निघाले.
सातवाही निघाला असता
तेवढी जागा सोडली नसती तर.
कारकुनानं मोजलं, भुवई उंचावली,
लिहिलं: वाया, एक तुकडा,
तळहाताएवढा.