बारा पानं, दोन पिना

टाइप मी केलं, म्हणून माझं नाव नाही त्यात.
तसं नाव कुणाचंच नाही.
वर फक्त 'नवशिक्यांसाठी कर्लिंग'
आणि खाली किटली.
किटली नव्हे, दगड आहे तो,
शाळेतल्या मिस ओलाफसननं काढलेला;
मूठ जरा मोठी झाली, एवढंच.

पेलिकन स्लू, मॅनिटोबा. बाहेर उणे चौतीस.
पहिलं पान मेट्रो हावरिल्युकचं.
त्याला लिहिता येत नाही, म्हणजे इंग्रजीत.
पाठीवर पाण्याचा डबा, हातात झारी,
तो बर्फावरून उलटा चालत थेंब उडवायचा
आणि मी पेन्सिल घेऊन त्याच्या समोर.
"आरशासारखा बर्फ कामाचा नाही, बाई,
गुळगुळीतावर दगड रुसतो.
अंगावर काटा आल्यासारखा दिसला पाहिजे."
ते तसंच ठेवलं. कमिटीनं खोडलं, मी परत घातलं.

चौथं पान सिगुरलॉगचं. दोन्ही गुडघे नवे,
तरी पतपेढीच्या फरशीवर बसून दाखवलं तिनं,
एक पाय मागे लांब, हात पुढे,
मागे पाच माणसं पासबुक धरून उभी.
"ढकलायचा नाही. सोडायचा."
मी वर पाहिलं, तशी म्हणाली,
"लगेच अर्थ काढू नकोस. दगडाबद्दलच बोलतेय."

मूठ दहावर धरा, सोडताना बारावर आणा.
(आताच्या पोरांना काट्यांचं घड्याळ कळत नाही,
म्हणून तळटीप. तळटिपेत घड्याळ.
तेही मिस ओलाफसनचं, तेही किटलीसारखं.)

झाडूच्या पानाला तीन आठवडे लागले.
देरोझिए बंधू, जुळे, एका ताटात जेवणारे:
एक म्हणे घासल्यानं बर्फ वितळतो,
दुसरा म्हणे छे, नुसती चकाकी येते.
नाताळात बोलले नाहीत एकमेकांशी.
शेवटी मीच लिहिलं:
'घासा. का ते नंतर.'

आणि नववं.
एइनार थोर्केलसन पतपेढी बंद होताना आला,
टोपी हातात. चेकवरच्या सहीपलीकडे
ज्यानं जन्मात काही लिहिलं नव्हतं, तो म्हणाला,
नववं पान माझं.

एकाहत्तर साली, जिल्ह्याचा अंतिम सामना,
शेवटचा दगड घराकडे चाललेला,
एइनारच्या झाडूचा एक केस लागला त्याला.
एकच केस. कुणी पाहिलं नाही.
दगड बरोबर मधोमध थांबला.
ढाल अजून काचेच्या कपाटात आहे.
"जिंकणाऱ्यानं पाजायची, हा रिवाज," तो म्हणाला,
"वॉल्टर प्रुडनला मी पाजली.
त्यानं आभार मानले माझे."
वॉल्टरला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

कागदावर चारच ओळी होत्या:
'चालत्या दगडाला झाडू लागला, तर तो दगड जळाला.
पंच नसतो.
कुणी पाहिलं नसलं तरी हात वर करून
तुम्हीच सांगायचं. लगेच.'
'लगेच'खाली तीन रेघा. मशीनवर त्या मारताना
कागद फाटला. पान पुन्हा केलं.

गेल्या मंगळवारी नवी तुकडी आली.
दवाखान्यातली लुझविमिंडा, सेबूची,
आधी बर्फ फक्त सरबतात पाहिलेली,
बुटाला चिकटपट्टी, दोनदा आपटलेली,
तिसऱ्यांदा घासता घासता एकदम थांबली,
हात वर.
"जळाला," म्हणाली. "माझ्याकडून."

कुणालाच दिसलं नव्हतं.
एइनार काचेमागे होता,
पण तो वाकून बाकाखाली हातमोजा शोधत होता.

मी अजून त्याला सांगितलेलं नाही.
सांगेन. आधी दुसरी आवृत्ती टाइप करायचीय;
मेट्रो म्हणतो,
थेंबांसाठी पाणी किती गरम, ते माझ्याकडून चुकलंय.