चार नंबरची खोली

कोबुलेतीला मिनीबसमधून उतरलो
तेव्हा थांब्यावर एक गाय उभी होती.
मला न्यायला आलेली नव्हती.
तिच्या मागून आणखी तीन आल्या,
रस्ता ओलांडून सरळ समुद्राकडे गेल्या,
उन्हाळाभर कुणी तिथून हाकललं होतं
त्याचा हिशेब चुकता करायला निघाल्यासारख्या.

फेब्रुवारी.
किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे.
लाट मागे सरते तेव्हा सगळे एकदम घसरतात,
सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज,
फक्त सूप फार मोठं
आणि पाखडणाऱ्याला कसली घाई नाही.

आइस्क्रीमच्या टपरीच्या कुलपाला
पिशवी बांधलेली, गंजू नये म्हणून.
पाटीवर भाव अजून ऑगस्टचे.
पायडलच्या होड्या पालथ्या घातलेल्या, एकीवर एक,
त्यांच्या हंसमाना काढून वेगळ्या ठेवलेल्या
ताडपत्रीखाली, अठरा.
शेजारचा मुर्मान त्यांना रोज थोडा रंग देतो.
पांढरा संपला म्हणून एक मान पिवळी झाली.
कोण बघतंय, म्हणाला.
संध्याकाळी पाहिलं तर तीच खरवडत बसला होता.

नाझिब्रोलाकडे नऊ खोल्या, पाहुणा मी एकटा.
आमच्यात सामाईक शब्द वीस-पंचवीस,
त्यातले दहा आकडे.
तिनं बोटांवर सांगितलं: अर्धे पैसे.
मी वर बोट दाखवलं: चार नंबर, समुद्राकडची.
नाही.
गळत असेल. नळ फुटला असेल.
पूर्ण देतो, म्हटलं.
ती हसली. देव्हाऱ्यातली घंटा मागणाऱ्या पोराला
हसावं तसं.
नाही. हिवाळ्यात तिथे मी.

मला मिळाली मागची,
स्वयंपाकघराला चिकटलेली,
जिथे मे ते सप्टेंबर ती झोपते.
अरुंद खाट, खिळ्यावर अ‍ॅप्रन,
सप्टेंबरलाच थांबलेलं कॅलेंडर,
त्यावर पेनानं केलेल्या बेरजा.
उशीला साबणाचा आणि खोल कुठेतरी कांद्याचा वास.
खिडकीतून मुर्मानची भिंत आणि एक संत्र्याचं झाड,
वरची फळं तोडायची राहून गेलेलं.
रात्री समुद्र ऐकू यायचा
पलीकडच्या खोलीतल्या बोलण्यासारखा:
कुणीतरी बोलतंय एवढं कळतं,
काय, ते नाही.
असे तिचे तीस उन्हाळे.
मी तीन रात्रींत कुशी बदलून थकलो.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं जिन्यावरून हाक मारली.
चार नंबर.
शेगडीवर संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या,
पलंगावर उशांच्या अभ्य्रांचा ढीग,
आणि ती खुर्चीत,
समुद्राकडे पाठ करून,
टाके घालत.

मी गोंधळलो.
मला वाटलं होतं,
माणूस हक्कानं एवढी खिडकी राखून ठेवतो
तर तिच्याशी तोंड लावून बसत असेल,
थोडा रडत असेल, निदान
पोलंडला गेलेल्या मुलाबिलाची आठवण काढत असेल.
मी हातानंच विचारलं: तिकडे नाही बघत?

तिनं न वळता मागे अंगठा केला.
आहे ना तो, म्हणाली.
मग अभ्रा उचलून धरला,
मला टाके दाखवले, बारीक, एका ओळीत.
खांद्यावरून येणारा तो करडा, पाण्यावरचा उजेड
नेमका सुईच्या नाकावर पडत होता.
घरात दुसरीकडे कुठेच
दुपारी चारला दोरा ओवता येत नाही.

दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे तिनं खाली सारले.
मीही तिच्यासारखाच बसलो, पाठ करून.
मला ओवायचं काम दिलं.
पहिला दोरा चुकला, दुसराही.
तिनं जिभेनं ओला करून दाखवला.
मग जमलं.

मागे सूप चाललं होतं.
सहावी सुई देताना मी एकदा वळून पाहिलंच:
गोट्यांवर एक गाय बसली होती,
रवंथ करत, तोंड पाण्याकडे.
बरं झालं.
कुणीतरी पाहायला हवंच होतं.