उणे एक

बहात्तर तास द्यायचे, असा आमचा नेम.
कुणी झोपलेलं असेल, कुणाच्या घरी लग्न,
कुणी बोटीवर; परतून मत देता यावं.
तीन दिवस म्हणजे तीन सूर्य, असं नियमात नाही,
पण लिहिणाऱ्याच्या मनात तेच असणार.
आमच्या इसाफ्योर्दुरला जानेवारीत सूर्य
डोंगराच्या पाठीमागूनच निघून जातो.
मी तास मोजते किटलीवर.

बारा जण आहोत. पगार कुणालाच नाही.
भरती-ओहोटीची कोष्टकं मांडणारं सॉफ्टवेअर:
फुकट घ्या, उघडून बघा, बदला, परत द्या.
लहान बंदरं वापरतात. किती, ते आम्हालाही ठाऊक नाही.
यारोमीरा ओलोमोउत्सला राहते, जिथून समुद्र
रात्रभराच्या आगगाडीवर,
तरी चंद्राचं सगळं गणित तिचं.

ठराव साधा होता. जुना भाग काढून टाकायचा.
हाफ्लिदीनं लिहिलेला, सव्वीस वर्षांपूर्वी,
तेव्हाच्या यंत्रांसाठी, जी आता भंगारातही मिळत नाहीत
असं आम्ही धरून चाललो होतो.
पहिलं अधिक एक हाफ्लिदीचंच.
खाली एक ओळ: वास सुटण्याआधी पुरा.

मग धडाधड अधिक एक, अधिक एक.
कास्त्रोहून हिमेनाचं शून्य:
अडवणार नाही,
पण खांदाही देणार नाही.

सत्तराव्या तासाला उणे एक.
तेविता, नेइआफू बंदर.
हे नाव कुणीच कधी ऐकलेलं नाही.
सभासद नाही, म्हणजे मत मोजायचं नाही;
वाचायचं, आभार मानायचे, बाजूला ठेवायचं.
कारण दिलं होतं:
आमच्या धक्क्यावर अजून तेच यंत्र आहे.
शुक्रवारी बोट येते.
खडकावर पाणी किती, ते तेच सांगतं.

मी हात वर केले.
मत द्यायला करतात तसे नव्हे; दुसरे.
नियम नियम आहे, लिहिलं, आणि किटली ठेवली.
पाचामुखी परमेश्वर म्हणे.
ती पाच तोंडं कुणाची
हे त्यानं बोलण्याआधीच ठरलेलं असतं.

बर्फ ओढणारं यंत्र गल्लीतून गेलं.
पुरता तासही उरला नव्हता, तेव्हा यारोमीरानं
आपलं अधिक एक खोडलं.
उणे एक, तिनं लिहिलं. हे माझं नाही.
माझं मत अजून काढून टाका असंच आहे.
हे त्याचं.
माझ्याकडे तोंड होतं, ते उसनं दिलंय.

सभासदाचं एक उणे आलं की ठराव पडतो.
दहातून एक गेला; शाळेत नऊ उरले असते.
आमच्याकडे काहीच उरत नाही.
आंब्रोश चिडला: मग मोजायचं कशाला?
त्याला उत्तर लिहायला घेतलं
आणि तीनदा पुसलं.

संध्याकाळी हाफ्लिदी दारात, बूट झटकत.
हरल्यासारखा दिसत नव्हता. घाबरल्यासारखा दिसत होता.
म्हणाला, त्या भागात एक चूक आहे. माझी.
इतक्या वर्षांत कुणाला दिसली नाही.
अमावास्येच्या आसपास खडकावर
चार बोटं पाणी जास्त दाखवते.
बोटं दाखवली त्यानं, हातमोज्यासकट.

म्हणून पहिलं मत तुझं?
तो बुटाची नाडी सोडत राहिला. गाठ बसली होती.

चूक सुधारायला मत लागत नाही, हाही आमचा नियम.
तेवढ्यात मी दुसरा ठराव टाकून दिला:
तेविताला सभासद करून घ्यावं;
बहात्तर तासांत कुणी बोललं नाही तर होकार समजावा.
आज सोमवार. शुक्रवारला चार दिवस.

हाफ्लिदी पडद्यासमोर बसला, मग खिसे चाचपू लागला.
चष्मा घरी राहिला होता.
मी माझा दिला.
नंबर जुळत नव्हता.
नाक काचेला टेकेल इतका पुढे वाकून
त्यानं पहिली ओळ
मोठ्यानं वाचली.