पान दोनशे एकतीस

रणनवरे मालिकेतलं एक्केचाळिसावं, 'गोदाम नंबर नऊ',
पुण्याहून आलं तेव्हा सगळ्या दांडिया बाजारात
नंबर लावून वाचलं गेलं.
मी पोतनिसांच्या लायब्ररीचा सायकलवाला,
कॅरिअरला खाकी पिशवी, खिशात वही.
आठवड्याला दोन रुपये, उशिराचे चार आणे.

डिटेक्टिव्ह अच्युत रणनवरे. एका कानाने बहिरा,
खुनाच्या जागी आधी चहा मागणारा.
वीस वर्षांत त्याचं वय वाढलं नाही.
वाचणाऱ्यांचे चष्मे बदलले,
काहींच्या नावांवर मी वहीत लाल रेघ ओढली.

बारावं घर बाजवाड्यात, तालीममास्तर जगतापांचं.
ते बनियनवरच जिना उतरून आले.
"अरे, खुनी कुठाय?"
शेवटचं पान नव्हतं.
पट्टी लावून, ब्लेडने,
घाई नसलेल्या हाताने काढलेलं.

दुसरी प्रत मिळेना. रावपुऱ्यात संपलेली,
नवी आवृत्ती दिवाळीनंतर,
आणि रांगेत अजून सतरा घरं.
मग एका रात्री सुरसागरच्या कठड्याशी, दिव्याखाली बसून
मी डॉक्टर कारखानिसांना पकडलं.
दोनशे तीस पानं ते मला आवडले नव्हते.
फार हात धुवायचे.
बेड्या घातल्या. पुढचं कोर्ट, निकाल
मला लिहिता येईना,
तिथेच 'समाप्त' लिहून खळीने पान चिकटवलं.

सतराही घरांनी डॉक्टर मान्य केला.
तबल्याचे बर्वे सर म्हणाले,
मला तिसऱ्या प्रकरणातच वास आला होता.
टिपणिसांच्या सूनबाईंनी विचारलं,
"शेवट हाताने का लिहिलाय रे?"
म्हटलं, कागदाची टंचाई.
त्यांनी दोन रुपयांवर एक पेढा ठेवला.

दिवाळीनंतर रावपुऱ्यात, दुकानात उभ्या उभ्या
मी खरं पान वाचलं.
खुनी डॉक्टरांचा भाचा. जन्मठेप.
मागच्या बाकावरून त्याची आई उठते,
निकाल नीट ऐकू आलेला नसतो,
शेजारच्या बाईला विचारते, "काय म्हणाले?"
तिथे कादंबरी संपते.

वही काढायची गरज पडली नाही.
अकरावं घर शितोळेबाईंचं.
खिडकीत शिवणयंत्र, यंत्रावर लाकडी पट्टी.
आणि दर रविवारी सेंट्रल जेलच्या फाटकाशी त्या,
हातात स्टीलचा डबा, डब्याला घट्ट बांधलेला पंचा.

पोतनिसांना सांगितलं, उंदीर असेल.
"पट्टी लावून?"
शिकलेला असेल.
ते चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले,
मग दंडाच्या वहीत नुसतीच तारीख घातली.

बेचाळिसावं आलं.
पहिल्याच पानावर डॉक्टर कारखानीस
रणनवऱ्यांशी बुद्धिबळ खेळतायत,
शिवाय उंट मारून हसतायत.
दांडिया बाजार पेटला असता.
मी समासात, डॉक्टरांच्या नावाशेजारी,
पेन्सिलीने एकच शब्द लिहिला.
जामिनावर.

कोणी हूं की चूं केलं नाही.
जगताप तेवढे म्हणाले, वकील तगडा दिसतो.

शितोळेबाईंनी पुस्तक तीन आठवडे ठेवलं.
मी गेलो तेव्हा उशिराचे आठ आणे
यंत्राच्या फळीवर आधीच मोजून ठेवलेले.
"चांगलं होतं," म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवू लागल्या.
जिन्यातच मी पानं मोजली. सगळी होती.
तो शब्द तेवढा पुसट झालेला,
भोवतीचा कागद करडा,
एकाच जागी पुन्हा पुन्हा बोट फिरलं
की पेन्सिलीचं होतं तसं.