पाव फेरा

मशीन आलं गुरुवारी.
कंपनीच्या पोरानं पाईप जोडला, सही घेतली
आणि पाणी यायच्या आत निघून गेला.
आमच्या कळंबा रोडला पाणी पहाटे साडेचारला.
तोवर कुठलाही जोड
कोरडाच असतो.

पहाटे थेंब ऐकू आला.
अकरा मोजले की एक.
खाली वाटी ठेवली, मग पातेलं,
रविवारी पीठ मळायची परात.
सोमवारी खालच्या वसुंधरा मगदूम दारात,
फोनमध्ये त्यांच्या छताचा फोटो :
बशीएवढी ओल.
"वाढायलीय बघा," म्हणाल्या,
जणू मी वरून खत घालत होते.

कंपनीचा पोरगा म्हणाला उद्या.
उद्या म्हणाला परवा.
मग मीच टेफ्लॉनची चार रिळं आणली,
ठेचलेल्या बोटाला चिंधी बांधावी
तशी आट्यांवर गुंडाळत गेले
आणि दातओठ खाऊन पान्हा आवळला.

आता सात मोजले की एक.

तेव्हा अण्णा आठवले.
उद्यमनगरात लेथवर एकोणतीस वर्षं.
घरी यायचे तेव्हा चपलेच्या तळव्यात
लोखंडाचा कीस रुतलेला असायचा,
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.
मी आठवीत असताना
मोरीतल्या नळाशी बसून म्हणाले होते,
"आटा पाणी थोपवत न्हाई गं.
आटा नुस्ता धरून ठेवतोय. थोपवतंय ते वायसर."
आणि थोड्या वेळानं,
"हातानं बसंल तवर हातानं.
मग पान्ह्यानं पाव फेरा.
त्येच्या म्होरं जो जातोय
त्यो रागानं जातोय, कामानं न्हाई."

सगळं उलगडलं. टेफ्लॉन निघालं वीतभर, हातभर,
लग्नातल्या फेट्यासारखं संपेचना.
आत वायसर :
एका बाजूनं दुमडलेलं, ओठ फाटलेला,
कॉलर आत गेलेल्या शर्टासारखं बसलेलं.
पहिला आटाच वाकडा चढला होता,
आणि त्या वाकडेपणावर
मी चार दिवस जोर काढत होते.

लक्ष्मीपुरीत दुकानदार म्हणाला,
"मिस्त्रीला पाठवा की, वैनी."
मी काळा झालेला अंगठा काउंटरवर ठेवला.
त्यानं पाऊण इंची दोन वायसरं दिली.
"एक हरवतंयच," म्हणाला.
एक हरवलं, जिन्यातच.

दुसरं बोटानं सपाट बसवलं.
नट आधी उलटा फिरवला,
टक् असं वाजेपर्यंत. हेही अण्णांचंच.
मग सुलटा, हातानं,
मग पाव.

साडेचारला नळ आधी खोकला,
हवा आली, मग गढूळ, मग पाणी.
मी पाटावर, टॉर्च घेऊन.
जोडाखाली कालचा पेपर.
अकरा. वीस. चाळीस.
त्र्याऐंशीला आकडा चुकला,
परत एकपासून.

पेपर कोरडा.

तरी पान्हा हातातच होता.
अजून जरा आवळावं,
एवढंसं, खात्रीला,
असं मनगटात येत राहिलं.
उजाडेपर्यंत येत राहिलं.

आठला पान्हा पदराखाली घेऊनच
खाली गेले. मगदूमबाईंनी चहा टाकला.
आम्ही दोघी माना वर करून बसलो.
बशीएवढीच होती.
"वाळंल हळूहळू," त्या म्हणाल्या,
आणि साखर विसरल्या.